रेणुसूत्राची लिपी

मोरचूद हा पदार्थ मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचा आहे. द्राक्षबागाईतदार तो चुन्याबरोबर मिसळून वेलींवर फवारतात. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याचे निळेशार स्फटिक परीक्षानळीत तापवले, की त्यांतील पाणी निघून जाते आणि मागे पांढरी पूड उरते. या स्फटिकाचे सूत्र नववी-दहावीचा विद्यार्थी पाठ करतो. तांब्याचा एक, गंधकाचा एक आणि ऑक्सिजनचे चार इतके झाल्यावर मध्ये एक टिंब येते, आणि टिंबानंतर पाण्याचे पाच रेणू. 'प्रत्येक मूलद्रव्याचे किती अणू आहेत ते लिहा,' असा प्रश्न परीक्षेत हमखास असतो. पाचाचा आकडा पाण्यातील दोन्ही मूलद्रव्यांना लागू होतो हे ज्याच्या लक्षात येते, तो हायड्रोजनचे दहा आणि ऑक्सिजनचे चार अधिक पाच असे नऊ मोजतो. एकूण बेरीज एकवीस येते.

पुण्याच्या मराठी शाळेत ही बेरीज एकवीस अणूंची असते. दिल्लीच्या हिंदी शाळेतही उत्तर एकवीसच येते. पण तेथे ते एकवीस 'परमाणु' असतात. 'अणु' हा शब्द तेथे वेगळ्याच अर्थाने राखून ठेवलेला आहे. मराठी ज्याला रेणू म्हणते, त्याला हिंदी अणु म्हणते. साहजिकच 'पाण्याच्या एका अणूत किती परमाणू?' हा दिल्लीतील सरळ प्रश्न पुण्याच्या मुलाला कोड्यासारखा वाटतो. दोघांच्याही पुस्तकात सूत्र मात्र अक्षरशः एकच छापलेले असते आणि तेही रोमन लिपीत. शब्द वेगळे आणि सूत्र एक, अशी ही स्थिती आपोआप आलेली नाही. तिच्यामागे दीडशे वर्षांचा विचार, वाद आणि निर्णय आहेत, आणि त्या निर्णयांचा मोठा भाग दिल्लीतच झालेला आहे.

रासायनिक सूत्रात अक्षर आणि अंक असे दोन घटक असतात. त्यांची जन्मकथा निरनिराळी आहे. जॉन डाल्टन यांनी १८०८ साली आपल्या नव्या रसायनविचाराचा पहिला भाग प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी मूलद्रव्यांसाठी वर्तुळे वापरली होती. कोठे रिकामे वर्तुळ, कोठे मध्ये टिंब दिलेले, तर कोठे काळे भरलेले. संयुगात जितके अणू तितकी वर्तुळे शेजारी काढावयाची, अशी ती रीत होती. म्हणजे डाल्टन यांच्या पद्धतीत मोजणी डोळ्यांपुढे उघडी होती. मूल बोट ठेवून मोजू शकले असते. स्वीडनच्या बर्झेलियस यांनी १८१३-१४ च्या सुमारास या वर्तुळांच्या जागी लॅटिन नावांची आद्याक्षरे आणली आणि अणूंच्या संख्येसाठी अंक वापरला. त्यांचा अंक अक्षराच्या डोक्यावर बसे. जर्मन रसायनज्ञ लीबिग यांनी १८३४ मध्ये तो खाली आणला. डाल्टन यांना ही अक्षरे मुळीच रुचली नाहीत. नवख्या विद्यार्थ्याने ती शिकण्यापेक्षा हिब्रू शिकावे, अशा आशयाचा शेरा त्यांनी मारल्याचे प्रसिद्ध आहे. तथापि छापखान्याला वर्तुळांपेक्षा अक्षरे सोयीची होती, आणि टिकली तीही अक्षरेच.

अक्षरे अशी संकेताने ठरली. अंकांना मात्र संकेत पुरेसा नव्हता. डाल्टन यांनी पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू धरला होता. ती मोजणी चुकीची होती. आव्होगाद्रो यांनी १८११ साली मांडलेल्या विचारात तिची दुरुस्ती दडलेली होती, पण जवळजवळ अर्धशतक तिच्याकडे दुर्लक्ष झाले. या काळात एकाच पदार्थाची सूत्रे निरनिराळे रसायनज्ञ निरनिराळ्या प्रकारे लिहीत. अखेर सप्टेंबर १८६० मध्ये कार्ल्सरूह येथे भरलेल्या परिषदेत कॅनिझारो यांनी आव्होगाद्रो यांच्या विचाराची बाजू मांडली, त्यांची पुस्तिका तेथे वाटली गेली, आणि पुढील काही वर्षांत पाण्यातील हायड्रोजनचे दोन अणू सर्वमान्य झाले. सूत्राच्या पायाशी बसलेला तो लहानसा दोनाचा आकडा पन्नास वर्षांच्या वादातून निघालेला आहे. भारतीय भाषांत पुढे जो वाद झाला तो मुख्यतः अक्षरांचा होता, अंकामागील सत्याचा नव्हता. हा फरक ध्यानात ठेवला म्हणजे त्या वादाचे स्वरूप नीट कळते.

कार्ल्सरूहच्या परिषदेपूर्वीच दिल्लीत रसायनशास्त्राच्या शब्दांचा विचार सुरू झाला होता. १८२५ मध्ये अजमेरी दरवाजाजवळच्या गाझिउद्दीन मदरशात दिल्ली कॉलेज स्थापन झाले. पुढे ते कश्मिरी दरवाजाजवळ, दारा शुकोहच्या ग्रंथालयाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इमारतीत गेले. या महाविद्यालयाच्या पौर्वात्य शाखेत गणित आणि पाश्चात्त्य विज्ञान उर्दूतून शिकवले जाई. त्यासाठी पुस्तके हवी होती, म्हणून १८४० च्या दशकात प्राचार्य फेलिक्स बुत्रो यांच्या पुढाकाराने भाषांतराची एक संस्था उभी राहिली आणि थोड्याच वर्षांत शंभरावर ग्रंथ उर्दूत आले. गणिती मास्टर रामचंद्र हे या चळवळीतील सर्वांत तेजस्वी नाव. महत्तम आणि लघुतम मूल्यांवरील त्यांचा ग्रंथ १८५० मध्ये कलकत्त्यात छापला गेला आणि डी मॉर्गन यांच्या प्रयत्नाने १८५९ मध्ये लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध झाला.

या संस्थेने भाषांतरकारांसाठी नियम घालून दिले होते. मौलवी अब्दुल हक यांनी लिहिलेल्या दिल्ली कॉलेजच्या इतिहासात ते नोंदवलेले आहेत. ज्या शास्त्रीय शब्दाला उर्दूत प्रतिशब्द नाही तो जसाच्या तसा घ्यावा, असा त्यांतील एक नियम होता, आणि त्याची उदाहरणे रसायनशास्त्रातीलच होती. सोडियम, पोटॅशियम, क्लोरीन ही ती नावे. ज्यांना आपला शब्द उपलब्ध आहे त्यांना तोच वापरावा; जोडशब्दाचे भाग आपल्या भाषेत सहज उतरत असतील तर उतरवावेत; नाही तर मूळ नाव राखावे. हे नियम करणाऱ्यांपुढे भाषेच्या अभिमानाचा प्रश्न नव्हता. उद्या सकाळी वर्गात काय शिकवायचे हा प्रश्न होता, आणि त्यांच्या उत्तराला त्या निकडीचा व्यवहारी स्पर्श आहे.

१८५७ च्या मे महिन्यात या प्रयोगाचा अंत झाला. प्राचार्य टेलर मारले गेले, ग्रंथालय लुटले गेले आणि प्रयोगशाळेतील उपकरणांची मोडतोड झाली. ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले रामचंद्र जीव वाचवून शहराबाहेर पडले. महाविद्यालय १८६४ मध्ये पुन्हा उघडले, पण १८७७ मध्ये ते बंद करण्यात आले. त्याबरोबर ते नियमही विस्मरणात गेले. शास्त्रीय परिभाषेचा प्रश्न शतकभरानंतर त्याच शहरात पुन्हा उभा राहिला, तेव्हा तो जणू प्रथमच विचारला जात आहे अशा थाटात विचारला गेला.

मधल्या काळात निरनिराळ्या भाषांनी आपापले मार्ग काढले होते. मराठीत बाळशास्त्री जांभेकर यांच्या १८४० मधील 'दिग्दर्शन' मासिकापासून विज्ञानविषयक लेखनाचा प्रघात पडला. रसायनशास्त्रावर विस्ताराने लिहिणाऱ्या आरंभीच्या ग्रंथकारांत कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांचे नाव अग्रभागी येते. १८७५ च्या सुमारास त्यांचे रसायनशास्त्रावरील लेखन प्रसिद्ध होऊ लागले आणि पुढे विज्ञानाच्या अनेक शाखांवर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिले. १८९० मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात कलाभवन निघाले, तेव्हा त्याचे प्रवर्तक त्रिभुवनदास गज्जर यांनी उद्योगशिक्षण देशी भाषांतून देण्याचा आग्रह धरला आणि त्यासाठी परिभाषेचे काम हाती घेतले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १८९८ मध्ये आरंभलेला हिंदी वैज्ञानिक कोश १९०६ मध्ये पूर्ण झाला. १९४८ मध्ये यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' मराठीत आला. निजामाच्या राज्यातील मराठवाड्याचा मार्ग आणखी वेगळा होता. तेथील मराठी तरुण उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून रसायन शिकले.

या प्रयत्नांत नावे तयार करण्याच्या दोन रीती दिसतात. एक रीत पदार्थाच्या गुणावरून किंवा उपयोगावरून नाव देण्याची. श्वासाला आधार देणारा तो प्राणवायू, गंधकापासून निघणारे ते गंधकाम्ल. अशा शब्दांनी मराठीत घर केले आणि ते अजूनही बोलण्यात आहेत. दुसरी रीत युरोपीय नावाचा शब्दशः अर्थ घेण्याची. बंगालीत ऑक्सिजनला 'अम्लजान' आणि हायड्रोजनला 'उदजान' अशी नावे पडली ती या रीतीने. 'ऑक्सिजन' या नावाचा अर्थ अम्ल उत्पन्न करणारा. प्रत्येक अम्लात हे मूलद्रव्य असलेच पाहिजे, या लाव्हाझिए यांच्या समजुतीतून ते नाव आले. ही समजूत चुकीची होती. मिठापासून निघणाऱ्या अम्लात हायड्रोजनचा एक आणि क्लोरीनचा एक इतकेच अणू असतात. ऑक्सिजन औषधालाही सापडत नाही. १८१० साली हम्फ्री डेव्ही यांनी हे दाखवून दिल्यानंतरही नाव बदलले नाही. ग्रीक शब्दात झाकलेली चूक कोणाला टोचत नव्हती. भाषांतर केल्याबरोबर ती उघडी पडली आणि शिकणाऱ्याच्या मनात पक्की होऊ लागली. नाव पारदर्शक असणे हा गुण खरा, पण आत जे आहे ते बरोबर असेल तरच.

भाषांतराच्या या रीतीला शास्त्रशुद्ध व्यवस्थेचे रूप देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न डॉ. रघुवीर यांचा. त्यांची सरस्वती विहार ही संस्था लाहोरात उभी राहिली, १९४६ मध्ये नागपुरास आली आणि १९५६ मध्ये दिल्लीत स्थिरावली. हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या तत्कालीन मध्यप्रांत-वऱ्हाडात राहून त्यांनी आपल्या कोशकार्याचा मोठा भाग केला. संविधानसभेतही ते याच प्रांताचे प्रतिनिधी होते. १९५५ मध्ये त्यांचा बृहद् इंग्रजी-हिंदी कोश प्रसिद्ध झाला.

रघुवीर यांच्या शब्दांची पुढे पुष्कळ थट्टा झाली आणि त्यांनी न केलेले शब्दही त्यांच्या नावावर खपवले गेले. परंतु रसायनशास्त्रातील त्यांची योजना थट्टेवारी नेण्याजोगी नव्हती. हायड्रोजन म्हणजे उदजन, ऑक्सिजन म्हणजे जारक, कार्बन म्हणजे प्रांगार, क्लोरीन म्हणजे नीरजी. 'धातु' या शब्दाचा शेवट घेऊन त्यांनी धातुरूप मूलद्रव्यांची नावे सिद्ध केली. सोडियम क्षारातु झाले, पोटॅशियम दहातु, कॅल्शियम चूर्णातु. नायट्रोजनला त्यांनी भूयाति म्हटले, कारण हवेत तो भूयिष्ठ आहे. संयुगांची नावेही नियमाने निघत. मीठ हे क्षारातु-नीरेय, आणि उच्छ्वासातून बाहेर पडणारा वायू हा प्रांगार-द्विजारेय. या शेवटच्या नावातील 'द्वि' महत्त्वाचा आहे. संस्कृतचे द्वि आणि त्रि हे ग्रीक भाषेतील त्याच अर्थाच्या उपसर्गांचे सख्खे भाऊ आहेत. 'डायऑक्साइड' म्हणताना मराठी मुलाला 'डाय'मधील दोनाची चाहूल लागत नाही. ते एक अखंड परके नाव म्हणून पाठ होते. 'द्विजारेय' मध्ये दोन ही संख्या ऐकू येते. नाव उच्चारता उच्चारता अणूंची मोजणी व्हावी, हे या योजनेचे खरे सामर्थ्य होते, आणि ते नाकारणे अन्यायाचे ठरेल.

अडचण नावाकडून सूत्राकडे जाताना येते. नाव देवनागरीत आले की चिन्हही देवनागरीत असावे, असे तर्काने ओघानेच प्राप्त होते. उदजनाचा 'उ' आणि जारकाचा 'ज' घेतला तर दोन उ आणि एक ज मिळून पाणी होते. येथवर काही बिघडत नाही. परंतु ज्ञात मूलद्रव्यांची संख्या तेव्हाच शंभराच्या घरात गेली होती, आणि त्यांना एकेका अक्षराने ओळखणे अशक्य होते. रोमन लिपीने ही अडचण मोठ्या आणि लहान अक्षरांच्या भेदाने सोडवली आहे. दुसरे अक्षर घ्यावे लागले तर ते लहान लिहावयाचे. त्यामुळे सूत्रात जितकी मोठी अक्षरे, तितक्या वेळा मूलद्रव्याचे नाव आले, हे पाहताक्षणी कळते. मोठा सी आणि लहान ओ म्हणजे कोबाल्ट हा एक धातू. दोन्ही अक्षरे मोठी असली तर तो कार्बन आणि ऑक्सिजन यांपासून बनलेला विषारी वायू. एका अक्षराच्या आकारावर अणूंची संख्या एकाची दोन होते. देवनागरीत असा भेद नाही. त्यामुळे चिन्ह कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले हे दाखवण्यासाठी टिंब, रेघ किंवा मोकळी जागा यांचा आधार घ्यावा लागला असता. शिवाय उकार, ऋकार आणि जोडाक्षरांचे खालचे भाग नेमके तेथेच येतात जेथे सूत्राचा अंक बसावयाचा. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात ही अडचण किरकोळ नव्हती.

याहून गंभीर प्रश्न पुढच्या शिक्षणाचा होता. देवनागरीत चिन्हे करावीत, तर बंगालीने, तमिळने, उर्दूने आपापल्या लिपीत ती का करू नयेत? आणि तसे झाले तर एका प्रांतातील विद्यार्थ्याने मांडलेले समीकरण दुसऱ्या प्रांतातील परीक्षकाने कसे वाचावे? सूत्राची सोय ही की ते ज्या भाषेत उच्चारावे त्या भाषेचे होते. पाहणाऱ्याला उच्चाराची गरजच नसते. ती सोय लिपीच्या अभिमानापायी गमवावी का, हा प्रश्न दिल्लीपुढे आला.

आकड्यांच्या निमित्ताने याची एक चुणूक संविधानसभेत आधीच दिसली होती. १९४९ च्या सप्टेंबरात राजभाषेवर चर्चा झाली, तेव्हा सर्वांत तीव्र मतभेद ज्या मुद्द्यांवर झाले त्यांत अंकांचा मुद्दा होता. देवनागरी लिपी मान्य करणारे अनेक जण देवनागरी अंक सोडावयास तयार नव्हते. दक्षिणेकडील सदस्यांना जगभर चालणारे अंक हवे होते. मुन्शी आणि अय्यंगार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तोडग्यातून मार्ग निघाला. १४ सप्टेंबर १९४९ रोजी मान्य झालेल्या तरतुदीत त्या अंकांना 'भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप' असे नाव मिळाले. ही शब्दयोजना चतुर होती आणि सत्याला धरूनही होती. हे अंक भारतातून अरबांकडे आणि तेथून युरोपात गेले, हा इतिहास आहे. मोरचुदाच्या सूत्रात पाण्यामागे लावलेला पाचाचा आकडा हा अशा प्रकारे प्रवास करून घरी परतलेला पाहुणा आहे.

अक्षरांना असा वंशाचा दाखला देता येण्यासारखा नव्हता. १९५० मध्ये शिक्षणमंत्रालयाने वैज्ञानिक परिभाषेसाठी मंडळ नेमले. १९५५ मध्ये मुंबईचे माजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखाली राजभाषा आयोग नियुक्त झाला आणि पुढील वर्षी त्याचा अहवाल आला. त्यावर संसदीय समितीने विचार केला आणि २७ एप्रिल १९६० रोजी राष्ट्रपतींचा आदेश निघाला. परिभाषा स्पष्ट, नेमकी आणि सोपी असावी, आंतरराष्ट्रीय शब्द योग्य तेथे स्वीकारावेत, आणि सर्व भारतीय भाषांत होईल तितकी एकरूपता असावी, ही त्यामागील भूमिका होती. तदनुसार १ ऑक्टोबर १९६१ रोजी वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोग दिल्लीत स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी हे होते. मेघनाद साहा यांचे शिष्य, दिल्ली विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे नामवंत प्राध्यापक आणि हिंदीविषयी आस्था असलेले गृहस्थ, असे हे त्रिविध व्यक्तिमत्त्व त्या पदाला साजेसे होते.

आयोगाने स्वीकारलेली तत्त्वे थोडक्या शब्दांत मांडलेली आहेत. परंतु शाळेतल्या फळ्यावर काय उमटावे हे त्यांनी दीर्घकाळासाठी ठरवून टाकले. मूलद्रव्यांची आणि संयुगांची नावे प्रचलित आंतरराष्ट्रीय रूपात ठेवावीत आणि देवनागरीत लिहावीत. म्हणून हायड्रोजन, कार्बन, कार्बन डायऑक्साइड. चिन्हे आणि सूत्रे रोमन लिपीतच राहावीत. सेंटिमीटरसारख्या परिमाणाचे संक्षेप बालवाङ्मयात आणि लोकप्रिय पुस्तकांत नागरीत चालतील, पण प्रमाणग्रंथांत आंतरराष्ट्रीय चिन्हच असावे. भूमितीच्या आकृतीला क, ख, ग अशी नावे देण्यास हरकत नाही. त्रिकोणमितीच्या समीकरणात मात्र रोमन किंवा ग्रीक अक्षरेच यावीत. रूढ झालेले देशी शब्द टिकवावेत. कल्पना व्यक्त करणाऱ्या शब्दांची भाषांतरे करावीत. सोडियम आणि क्लोरीन ही नावे तशीच घ्यावीत, हा १८४० च्या दशकात कश्मिरी दरवाजाजवळ झालेला निर्णय सव्वाशे वर्षांनी त्याच शहरात दुसऱ्यांदा झाला. पहिला वर्गाच्या गरजेतून आला होता. दुसऱ्याला आयोग, समित्या आणि राष्ट्रपतींचा आदेश लागला. मधल्या काळात जे शब्द घडवले आणि टाकले गेले ते सर्व वाया गेले असे मात्र म्हणता येणार नाही. कोणत्या ठिकाणी भाषांतर करावे आणि कोठे करू नये याचा अनुभव त्यांतूनच मिळाला.

महाराष्ट्रात १९६० मध्ये भाषा संचालनालय सुरू झाले, १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक निर्मितीसाठी बालभारती आली. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालील मराठी विश्वकोशाने परिभाषेचे काम विस्ताराने केले. सूत्रांच्या बाबतीत मराठीने दिल्लीचाच मार्ग धरला. पानाचा क्रमांक देवनागरीत आणि त्याच पानावरील सूत्राचा अंक आंतरराष्ट्रीय रूपात, हे दृश्य मराठी विज्ञानपुस्तकाच्या वाचकाच्या अंगवळणी पडले.

एकरूपतेचा जो हेतू राष्ट्रपतींच्या आदेशात होता, तो लिपीच्या आणि नावांच्या बाबतीत साधला. ज्या शब्दावर सगळी मोजणी उभी आहे, त्या मोजल्या जाणाऱ्या वस्तूच्या शब्दावर मात्र तो साधला नाही. हिंदीने तिला परमाणु म्हटले आणि मराठीने अणू. दोन्ही निवडींना आधार आहे. वैशेषिक दर्शनात अविभाज्य कणाला परमाणू म्हणतात. दोन परमाणूंचे एक द्व्यणुक होते आणि तीन द्व्यणुकांचे एक त्र्यणुक. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसणारा त्रसरेणू तो हाच. एका त्रसरेणूत परमाणू किती, असे विचारले तर तीन वेळा दोन मिळून सहा हे उत्तर येते. कंसातील गटाला बाहेरचा अंक लागू करण्याची हीच क्रिया आहे. यावरून प्राचीनांना आधुनिक रसायन अवगत होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांचा विचार तर्काचा होता, तुळेचा नव्हता. परंतु लहानाच्या संख्येवरून मोठ्याची घडण समजून घेण्याची सवय या भाषांना जुनी आहे एवढे त्यावरून खचित दिसते. हिंदीने या परंपरेतून परमाणु घेतला. मराठीने त्रसरेणूतील रेणू घेऊन तो अनेक अणूंच्या समूहाला दिला आणि मूळ कणासाठी सुटसुटीत 'अणू' राखला. एकटे पाहिले तर दोन्ही संच निर्दोष आहेत. ते शेजारी आले की 'अणू' हा एकच शब्द दोन पायऱ्यांवर उभा राहतो.

मुंबईत हे दोन्ही संच एकाच परिसरात नांदताना दिसतात. केंद्र शासनाच्या ज्या खात्याचे हिंदी नाव 'परमाणु ऊर्जा विभाग' आहे, त्याच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीला 'अणुशक्तिनगर' म्हणतात. मोठ्यांच्या व्यवहारात यामुळे काही अडत नाही. अडते ते शिकणाऱ्या मुलाचे. केंद्र सरकारच्या नोकरीमुळे महाराष्ट्रातून दिल्लीस जाणारी आणि तेथून परतणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. पहाडगंज आणि करोलबाग या भागांत मराठी वस्ती जुनी आहे. अशा कुटुंबातील मूल मराठी शाळेतून हिंदी माध्यमाच्या वर्गात गेले, की 'एका अणूत तीन परमाणू' हे वाक्य त्याला प्रथम अशक्य वाटते, कारण त्याच्या मते अणूच्या आत अणूंची मोजणी करावयाची नसते. अशा वेळी त्याच्या मदतीला ते रोमन सूत्र येते. सूत्राकडे पाहून ते हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक मोजते आणि मग कोणत्या शब्दाचा अर्थ काय, हे उलट दिशेने लावून घेते.

परक्या अक्षरांविषयी शंका घेणाऱ्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. नावे परकी राहिल्यामुळे 'द्वि' आणि 'त्रि' यांची सहज मिळणारी मदत मराठी विद्यार्थ्याने गमावली. महाराष्ट्रात सेमी-इंग्रजी वर्ग वाढत गेले तसे विज्ञानाचे उरलेले मराठी शब्दही त्याच्या कानांवरून जाईनासे झाले. रेणुसूत्र, संयुजा, मूलद्रव्य हे शब्द घडवण्यात ज्यांची आयुष्ये गेली त्यांनी सूत्राची लिपी सोडली, ती वाक्याची भाषा राखता यावी म्हणून. अक्षरे जगाची असू द्यावीत, पण 'पाच पाण्याच्या रेणूंत ऑक्सिजनचे किती अणू?' हा प्रश्न आपल्या भाषेत विचारला जावा, असा तो करार होता. करारातील पहिली बाजू पाळली गेली आहे. दुसरी बाजू आयोगांच्या हाती नसून वर्गांच्या हाती आहे.

तुरटी प्रत्येक घरात असते. तिच्या सूत्रात पोटॅशियमचा एक, ॲल्युमिनियमचा एक, कंसात गंधक आणि ऑक्सिजन यांचा दोनदा घेतलेला गट, आणि शेवटी पाण्याचे बारा रेणू. गंधकाचे दोन, ऑक्सिजनचे आठ अधिक बारा असे वीस, हायड्रोजनचे चोवीस. एकूण अठ्ठेचाळीस. पुण्यात ते अणू असतील, दिल्लीत परमाणु असतील. तुरटी दोन्हीकडे गढूळ पाणी सारखेच निवळते.